आम्हाला सगळं दिसतंय, साहेब

२०२० चा मे महिना. पाथर्डी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी टेबलाखाली उकिडवा बसलो होतो. एका हातात सीपीयूचं झाकण, तोंडाला रुमाल. टेबलापाशी सरपंचताई, ग्रामसेवक भाऊसाहेब, ऑपरेटर पोरगा, आणि बाहेर ओट्यावर अंतर ठेवून बसलेले चार-पाच जण. पडद्यावर वरच्या कार्यालयातले साहेब बोलत होते. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. टँकर, शाळेच्या खोल्या, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं असं एकेक चाललं होतं. मध्येच साहेबांनी या गावाचं नाव घेतलं. “तुमच्याकडे बाहेरून आलेले किती?”

ताई म्हणाल्या, “त्रेचाळीस.”

“हॅलो?”

“त्रेचाळीस, साहेब!” आता ओट्यावरचेही वळून बघायला लागले.

“तुमचा आवाज तुटतोय. आम्ही दिसतोय का तुम्हाला?”

“आम्हाला सगळं दिसतंय, साहेब!” ताई उभ्या राहून ओरडल्या. हेही तिकडे पोचलं नाही. साहेबांनी पुढच्या गावाचं नाव घेतलं. भाऊसाहेबांनी त्रेचाळीस आकडा व्हॉट्सॲपवर टाइप केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तार मीच कापली होती.

मी नगरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. कागदोपत्री आता अहिल्यानगर. पण गाडीवर एमएच-१६ आणि तोंडात नगर, ते एवढ्यात सुटायचं नाही. दुकान एवढंसं, गिऱ्हाईक मात्र जिल्हाभर. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आमचा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, तालुके चौदा. एकाच आठवड्यात मी जामखेडकडच्या सीपीयूतून ओंजळभर धूळ काढली आहे आणि अकोल्याकडच्या सीपीयूतून पावसाळ्याची बुरशी. (आमचं अकोले; विदर्भातलं अकोला वेगळं. कुरिअरवाल्यांना हे अजून कळलेलं नाही.)

टाळेबंदीच्या आधी ‘व्हीसी’ हा सरकारी शब्द होता. व्हीसी म्हणजे एक खोली, लांब टेबल, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर बसवलेला, आपोआप मान वळवणारा कॅमेरा. “आज व्हीसी लागलीय” असं कुणी म्हटलं की त्या दिवशी साहेब भेटणार नाहीत, एवढाच आमच्यासारख्यांना त्याचा अर्थ. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि ती खोली एकदम प्रत्येकाच्या घरात घुसली. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक कोटी माणसं मीटिंगला येत होती. एप्रिलमध्ये हा आकडा तीस कोटींवर गेला. त्यातली बरीचशी मलाच फोन करत होती असं त्या उन्हाळ्यात वाटायचं. त्यात १६ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयानं सूचना काढली की सरकारी अधिकाऱ्यांनी कार्यालयीन कामाला झूम वापरू नये. मग दर आठवड्याला नवं ॲप. एका कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर मी पाच वेगवेगळी ॲप टाकली, आणि ज्याच्यावर शेवटी मीटिंग झाली ते सहावं होतं.

त्या दिवसांत प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: “किती एमबीचं घेऊ?”

हा प्रश्न ऐकला की मला अजूनही हसू येतं आणि थोडा रागही येतो. राग गिऱ्हाइकाचा नाही, पाटीचा. ‘५० एमबी’, ‘१०० एमबी’ असं पाटीवर मोठ्यानं लिहिलेलं असतं, आणि तो आकडा असतो खाली येण्याचा. शिवाय तो मेगाबिटचा. फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे पाटीवरच्या आकड्याला आठानं भागायचं. पण ते एक वेळ राहू द्या. व्हिडिओ मीटिंगला मुळात लागतं किती? दोघांच्या बोलण्याला चांगल्या चित्रासकट सहाशे केबीपीएस पुरतं. चित्र आणखी स्पष्ट, ७२० रेषांचं हवं असेल तर १.२ एमबीपीएस. दहा-वीस जणांच्या मीटिंगला एक ते दोनच्या दरम्यान. नुसत्या आवाजाला साठ ते ऐंशी केबीपीएस. शंभराची जाहिरात वाचून आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडे संशयानं बघतो. एवढंच लागतं तर मग अडतं कुठं?

अडतं वर जाताना. सिनेमा, यूट्यूब, क्रिकेट हे सगळं आपल्याकडे येतं, आपल्याकडून जात काहीच नाही. आपण बघे. मीटिंगमध्ये मात्र आपला चेहरा नि आवाजही तितक्याच नेटानं बाहेर जावा लागतो. तेव्हा निम्म्या जिल्ह्यात फोनच्या तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं. त्या तंत्राचं नाव एडीएसएल, आणि त्यातला पहिला ‘ए’ म्हणजे असमान. एकाच तारेवर खाली येण्याला रुंद रस्ता आणि वर जाण्याला पायवाट, अशी ती मुळातच आखलेली. ज्यांनी आखली त्यांची चूक नव्हती. घरातला माणूस बघणार जास्त आणि दाखवणार कमी, हा त्यांचा हिशेब त्या काळाला बरोबरच होता. मी त्या उन्हाळ्यात ज्या-ज्या तारेवर स्पीड मोजला तिथं खाली सात-आठ आणि वर अर्धा, असंच चित्र. एक्स्चेंजपासून गाव लांब असेल, खांबावरच्या डबीत पावसाचं पाणी गेलं असेल, तर तो अर्धाही पाव व्हायचा.

त्या ग्रामपंचायतीत हेच होतं. साहेब येत होते रुंद रस्त्यानं, आणि ताई पायवाटेवर अडकल्या होत्या.

पण तेवढंच नव्हतं. कॉम्प्युटरही थकलेला. दोन जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज सेव्हन, आणि त्यावर एकाला एक नकोसे झालेले दोन अँटिव्हायरस. विंडोज सेव्हनला कंपनीनं १४ जानेवारी २०२० ला, म्हणजे नेमका टाळेबंदीच्या सव्वादोन महिने आधी, रामराम ठोकला होता. व्हिडिओ मीटिंग हे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं अंगमेहनतीचं काम असतं. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र जसंच्या तसं पाठवत नाहीत. ते सेकंदाला पंचवीस-तीस वेळा दाबून, घडी घालून बारीक करावं लागतं. त्याच वेळी समोरून आलेल्या वीस घड्या उलगडायच्या. रॅम अपुरी पडली की कॉम्प्युटर हार्ड डिस्कवर सामान ठेवायला धावतो, आणि फिरती डिस्क त्या धावपळीत धापा टाकते. सीपीयूला कान लावला की आतून कर्र-कर्र ऐकू यायचं. ऑपरेटर पोरगा म्हणाला, “दादा, मीटिंग लागली की याला उचकी लागती.” मी इतकी वर्षं हे काम करतो, पण याच्याहून चांगलं निदान मला कुणी सांगितलेलं नाही.

चार जीबीची रॅम वाढवली, २४० जीबीची एसएसडी टाकली, एक अँटिव्हायरस काढला, विंडोज दहा चढवलं. उचकी थांबली. तार मात्र तीच राहिली. मग ताईंना एक उपाय सांगितला: बोलायची पाळी आली की कॅमेरा बंद करा. चित्र गेलं की पायवाट फक्त आवाजाची, आणि आवाजाला ऐंशी केबीपीएस पुरतात. ताईंना पटलं, भाऊसाहेबांना नाही. “कॅमेरा बंद केला तर हजेरी कशी लागायची?” त्यांचंही खरं होतं. तिकडे कुणीतरी चौकटी मोजत बसलेलं असायचं. माणूस काय बोलला यापेक्षा दिसला की नाही हे महत्त्वाचं, असा एक विचित्र काळ त्या दोन वर्षांत आला होता, आणि माझ्या मते तो अजून पुरता गेलेला नाही.

सावेडीतल्या एका प्राध्यापकांचा किस्सा माझ्या डोक्यात बसलाय तो वेगळ्या कारणानं. त्यांच्याकडे नवंकोरं फायबर, बऱ्यापैकी लॅपटॉप, सगळं ठीक. सकाळचे तास उत्तम व्हायचे. संध्याकाळी सातचा तास मात्र दहा मिनिटांत गोठायचा. सरांनी कंपनीला दहा तक्रारी केल्या. कंपनीचा माणूस सकाळी यायचा, स्पीड मोजायचा आणि “सगळं ओके आहे” म्हणून जायचा. सकाळी ओकेच होतं.

मी संध्याकाळी साडेसहाला गेलो. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून सततचा पिंग लावून ठेवला. पिंग म्हणजे हाक मारायची आणि प्रतिसाद यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. बावीस, चोवीस, बावीस मिलिसेकंद. काकूंनी चहा दिला. बावीस, तेवीस. सात वाजून पाच मिनिटांनी दाराशी चपला वाजल्या. मुलगी कोविड सेंटरवरून ड्यूटी करून आली होती. तिनं फोन चार्जिंगला लावला आणि ती आंघोळीला गेली. माझ्या खिडकीत बावीसचे एकदम तीनशे झाले, मग आठशे, मग नुसतंच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. सर आतून ओरडले, “बघा! गेलं!”

फोन घरच्या वायफायवर आला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप गुगलवर चढवायला लागायचा. त्यांच्या प्लॅनमध्येही वर जाण्याचा रस्ता खाली येण्यापेक्षा बराच अरुंद होता. तो एका फोननं अडवला की मागे रांग लागते, आणि त्या रांगेत सरांचा आवाज सगळ्यात शेवटी उभा. बॅकअप रात्री बारानंतर चालावा अशी सोय करून दिली. मुलीला इतकं अपराधी वाटलं, की मलाच वाईट वाटलं. बारा तास किट घालून आलेल्या पोरीनं फोन चार्जिंगला लावला, एवढाच तिचा गुन्हा.

तेव्हापासून मी घरात गेलो की आधी कॉम्प्युटर बघत नाही. घरात माणसं किती, फोन किती, कोण किती वाजता येतं हे विचारतो. राउटर कुठं ठेवलाय ते बघतो. आमच्याकडे राउटर ठेवायची हमखास जागा म्हणजे टीव्हीच्या मागे किंवा देवघराच्या वरच्या फळीवर, आणि मीटिंगला बसायची जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची खोली, कारण खाली पोरं. मध्ये जुन्या वाड्याची दोन-दोन फूट जाड दगडी भिंत. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान खरं, पण भिंतीपाशी दम टाकतं, २.४ चं भिंत ओलांडतं, पण त्यावर शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी. अशा ठिकाणी मी सरळ पंधरा मीटर लॅन केबल काढतो आणि जिन्याच्या कठड्याला धरून वर नेतो. दिसायला वाईट दिसतं. घरातल्या बाई नाक मुरडतात. पण चारशे रुपयांच्या त्या केबलनं जेवढ्या मीटिंगा वाचवल्या तेवढ्या चार हजारांच्या राउटरनं वाचवल्या नाहीत.

वीज हा तर वेगळाच अध्याय. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. लाइट गेली की लॅपटॉप चालू, फोन चालू, पण नेट बंद, आणि माणूस म्हणतो “कंपनीचा काहीतरी लोच्या आहे.” राउटर बिचारा बारा व्होल्टवर चालतो, त्याला पुरेल असा साबणाच्या वडीएवढा छोटा यूपीएस मिळतो. त्या वर्षी मी ते शंभराच्या घरात विकले. वेबकॅम मात्र बाजारातून गायब झाले होते, आणि होते ते तिप्पट भावानं. तेव्हा जुन्या, काच तडकलेल्या स्मार्टफोनला यूएसबीनं जोडून त्याचाच कॅमेरा करून द्यायचो. पुस्तकांच्या चळतीला रबर बँडनं बांधलेला फोन, असे कॅमेरे नगरमध्ये पुष्कळ घरांत दिसले असते.

अशाच एका घरात मला तंबोरा हरवलेला सापडला.

एक गायनशिक्षिका, वय पासष्टच्या पुढे. क्लास बंद पडलेला, शिष्य पुण्यात, बंगळुरात, एक तर कॅनडात. त्यांचा फोन आला तो रडवेला. “अहो, मुलींना माझा तंबोराच ऐकू येत नाही. मी गाते ते येतं, तंबोरा नाही. मधूनच माझा षड्जसुद्धा गायब होतो.” मला वाटलं माइक बिघडला असेल. गेलो, हेडफोन लावून दुसऱ्या फोनवरून ऐकलं. खरोखरच. बाई खोलीत तंबोरा छेडताहेत, खोली भरून गेलीय, आणि माझ्या कानात शांतता. त्या गायला लागल्या की गाणं येतं. सूर लांबवला की तो झिजत-झिजत नाहीसा होतो.

दोष माइकचा नव्हता, हुशारीचा होता. ही सॉफ्टवेअर आजूबाजूचा गोंगाट काढून टाकतात. आता गोंगाट ओळखायचा कसा? बोलणं सारखं बदलतं, तुटतं, चढतं-उतरतं. पंखा, कूलर, मिक्सर मात्र एकसुरी. मग जे एकसारखं, न बदलता चालू राहतं ते काढा, असा तो न्याय. तंबोऱ्याचं सगळं आयुष्य एकसारखं चालू राहण्यात गेलेलं. सॉफ्टवेअरनं त्याला पंखा समजून बाहेर काढलं होतं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग तंबोऱ्यावर हात ठेवून थोडा वेळ गप्प बसल्या.

झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे; ती चालू केली की सॉफ्टवेअर आपली अक्कल बाजूला ठेवतं. ती चालू केली, प्रतिध्वनी होऊ नये म्हणून कानात हेडफोन दिले. कॅनडातली मुलगी पलीकडून म्हणाली, “आला! जोडीचे दोन्ही आले!” एक गोष्ट मात्र मला जमवता आली नाही. तबल्याची साथ. आवाज इकडून तिकडे जाऊन परत येईपर्यंत सेकंदाचा काही हिस्सा जातोच. बोलताना तेवढा खपतो, एका बाजूला दीडशे मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तरी कान तक्रार करत नाही. समेवर यायला मात्र तेवढा उशीर म्हणजे मात्रा चुकली. बाई म्हणाल्या, “राहू द्या, एकेकटंच शिकवते. सम काय, नंतर भेटेल.”

एका वकीलसाहेबांकडे मी गेलो तो उजेडाच्या कामासाठी. मागे खिडकी, समोर अंधार. पडद्यावर साहेब म्हणजे काळी सावली आणि भोवती तेजोवलय. टेबल फिरवलं, संपलं काम, पैसेही घेतले नाहीत. पण चहा पिताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. व्हिडिओवरून साक्ष घेता येते हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते १ एप्रिल २००३ ला, आणि खटला आपल्या महाराष्ट्रातला: महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई. साक्षीदार डॉक्टर अमेरिकेत, भारतात यायला तयार नाहीत. न्यायालय म्हणालं, आरोपीच्या समोर साक्ष व्हावी याचा अर्थ त्याच खोलीत देहानं हजर असणं असा घ्यायला नको.

मी त्यांना माझ्या बाजूची गोष्ट सांगितली. त्या काळात असल्या बैठका आयएसडीएन नावाच्या फोनलाइनवर चालत. तिचा एक पदर ६४ केबीपीएसचा, कारण फोनवरचं एक संभाषण आकड्यांत मांडलं की तेवढंच भरतं. असे सहा पदर एकत्र वळून ३८४ चा दोर करायचा आणि त्यावर चित्र पाठवायचं. वकीलसाहेब म्हणाले, “म्हणजे सहा फोनच्या जागेत साक्ष बसायची?” बसायची. आज रोजचा दीड जीबीचा पॅक संपला की मोबाइल कंपनी आपल्याला ज्या वेगावर आणून सोडते तोही ६४ केबीपीएस. एक फोन. दोघांनाही त्याची गंमत वाटली.

हा पॅकचा हिशेब मी शाळांमध्ये फळ्यावर लिहून दाखवत असे. एक एमबीपीएसनं तासभर म्हणजे ४५० एमबी. तेवढं आलं आणि तेवढंच गेलं तर ९०० एमबी. दीड जीबीचा पॅक पावणेदोन तासांत खलास. आणि घरात तीन पोरं, फोन एक, तोही बाप कामावर घेऊन गेलेला. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं तेव्हा बऱ्याच शिक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. टीव्हीला पॅक लागत नाही. फक्त टीव्हीला प्रश्न विचारता येत नाही.

अकोल्याच्या वर, राजूरच्याही पुढे, एका आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी मला बोलावलं होतं. शाळा बंद असल्यानं मुलं आपापल्या पाड्यावर. सर एका मुलाच्या घरापर्यंत मला घेऊन गेले. तिथून तो मुलगा आम्हाला त्याच्या ‘वर्गात’ घेऊन गेला. म्हणजे करवंदाच्या जाळ्यांमधून पंधरा मिनिटं चढून एका कातळावर. तिथं रेंज होती. पण कातळभर नव्हती. एका ठरावीक कोपऱ्यावर, दरीकडे तोंड करून बसलं तर. पोरानं ती जागा खडूनं आखून ठेवली होती, चौकोन. मी माझा फोन काढून मोजलं. चौकोनात वर जायला दोनशे केबीपीएस, दोन पावलं मागे आलं की शून्य. समोर ढग उतरत होते, आणि पाऊस आला की वर्ग सुटायचा.

सरांची अपेक्षा होती की मी एखादा ॲन्टेना किंवा बूस्टर सुचवीन. परवान्याशिवाय बूस्टर लावणं कायद्यात बसत नाही, आणि लावला तरी जो सिग्नल नाहीच तो वाढणार कशातून? मी विचारलं, “सर, साधा फोन लागतो का पाड्यावर?” लागत होता, बहुतेक घरांत, आणि बोलण्याचे पैसे वेगळे पडत नव्हते. मग आम्ही फोनवरचा कॉन्फरन्स कॉल लावून पाहिला. एका वेळी चार-पाच मुलं, बटणांचे फोन, चित्र नाही. सर गणित तोंडी सांगायचे, मुलं पाटीवर करायची आणि उत्तर बोलायची. बटणाच्या फोनवर पोरगी ‘सत्तावीस’ म्हणाली तर सरांना सत्तावीसच ऐकू यायचं. माझ्या सगळ्या धंद्यात यापेक्षा कमी खर्चाचा सल्ला मी दिलेला नाही. येताना सरांनी पिशवीभर हिरडे दिले.

पाथर्डीच्या त्या गावात मधल्या काळात बऱ्याच फेऱ्या झाल्या. फायबर आलं, मग रस्त्याच्या कामात जेसीबीनं ते तीनदा तोडलं, मग जोडलं. २०२३ च्या फेब्रुवारीत क्रोमनं विंडोज सेव्हनला नवं रूप देणं थांबवलं तेव्हा आसपासच्या चार गावांतल्या मीटिंगा अडल्या, यांची अडली नाही. आम्ही आधीच दहावर गेलो होतो. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज दहाचीही मुदत संपली. तो जुना सीपीयू अकराला पात्र नाही. त्यामुळे नवीन मशीन बसवायला मी पुन्हा त्याच टेबलाखाली उकिडवा बसलो. ऑपरेटर पोरगा आता दोन पोरांचा बाप. सरपंच दुसऱ्या आहेत, तरुण आहेत. आधीच्या ताई सदस्य म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या.

मी केबल खोचून वर येतो तोवर व्हीसी लागली. फायबरवर वर तीस, खाली तीस, पिंग अठरा. गावाचं नाव आलं. सरपंचांनी ट्रान्सफॉर्मरचं सांगितलं. दीड महिना झाला, बसवलेला नाही, रब्बीचं पाणी अडलंय, अर्ज तीन, आवक क्रमांक अमुक. न अडखळता, कागदावर बघून. पडद्यावर त्यांच्या चौकटीला हिरवी कड येत होती. म्हणजे आवाज जातोय.

बोलून झालं. तिकडे साहेब मान हलवत होते, ओठ हलत होते, हातवारे चालले होते. खोलीत काही ऐकू येईना. सरपंच माझ्याकडे वळल्या, “दादा, गेलं का नेट?” मी पिंग पाहिला, अठरा. स्पीकर पाहिला, चालू. साहेब बोलतच होते, चांगलं मनापासून.

कोपऱ्यातल्या ताई उठल्या, चष्मा सारखा करत पडद्याजवळ आल्या, खालच्या चित्रावर लाल रेघ ओढलेली बघितली आणि माइककडे वाकून म्हणाल्या, “साहेब, तुमचा माइक बंद हाय. आमचा चालू हाय.”